डरमर मामंजी

आमच्या घरात ढोल नव्हता, ताशा नव्हता, साधी हलगीसुद्धा नव्हती. तरी माझ्या सासऱ्यांना सारं गाव ‘डरमर’ म्हणत असे. सोप्यात शिरलं की समोरच्या भिंतीवर, जिथं दुसऱ्यांच्या घरी देवांच्या तसबिरी असतात, तिथं खिळ्यांना टांगलेली नऊ पॅडं दिसायची. पॅड म्हणजे वीतभर रुंदीचा लाकडी ठोकळा आणि त्यावर चिकटवलेली जाड रबराची चकती. पलटणीच्या बँडमधली माणसं बराकीत दुसऱ्यांच्या कानाला त्रास न देता हात तयार करायला ती वापरतात. ड्रमवर जे वाजवायचं तेच पॅडवर वाजवायचं. आवाज येतो तो नुसता टप् टप्, आणि तोही दारापर्यंत पोचत नाही. सत्तर सालच्या उन्हाळ्यात मी लग्न होऊन त्या घरात आले, तेव्हा मला वाटलं होतं, हे पोळपाट भिंतीला कशाला टांगलेत?

माझं माहेर कवठे महांकाळचं आणि सासर वडूजपासून चार मैलांवर. दोन्हीकडं सारखीच कोरडी जमीन, तीच ज्वारी, तीच बाजरी, त्यामुळं गाव बदलल्याचं फारसं जाणवलं नाही. घरात माणसं तीन. मामंजी, सासूबाई म्हणजे आत्याबाई, आणि मी. हे सैन्यात होते, रजेवर येत. मामंजीही सैन्यातलेच, बँडच्या तुकडीतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. उंच, वाळकुडे, खाकी हाफपँट आणि वर बंडी. सकाळी म्हशीची धार काढून चहा झाला की ते एक पॅड उतरवत, मांडी घालून पुढ्यात ठेवत आणि दोन काठ्या घेऊन तासभर वाजवत. वाजवताना चेहरा कोरा असे, हलत ती फक्त मनगटं.

गावात लग्न निघालं की कोणीतरी त्यांना बोलवायला येई. “हवालदार, वरातीत दोन हात दाखवा की.” ते सरळ नाही म्हणत. “मी वरातीम्होरं चालणारा न्हवं.” एकदा मी धीर करून विचारलं, “मामंजी, आपण एक ड्रमच का नाही आणत?” ते म्हणाले, “डरम दुसऱ्यांसाठी असतोय. ह्ये आपल्यापुरतं.”  त्या घरात कोणी कोणाला फारसं सांगत नसे. आत्याबाईंना तर पॅडांचा उघड तिटकारा होता. भिंत सारवताना त्या पॅडांभोवतीनं हात फिरवत, पण पॅडाला बोट लावत नसत.

पॅडांची निगा मात्र ते लहान लेकरापेक्षा जास्त करीत. रबराला ऊन चालत नाही आणि तेल तर अजिबात चालत नाही, असं त्यांचं सांगणं. वडूजला सायकलच्या दुकानात ट्यूबला लावायला शंखजिरं असतं, त्याची पुडी ते आणून ठेवत आणि दर अमावास्येला सगळी पॅडं ओल्या फडक्यानं पुसून त्यांवर ती भुकटी चोळत. मग प्रत्येकावर काठी वरून सोडून देत आणि ती किती वेळा उसळते ते मोजत. उसळी चांगली आली तर म्हणत, “अजून तरणं हाय.” कमी आली तर नुसतं “हूं” करत आणि ते पॅड परत खिळ्याला लावत. निकामी झालेलं पॅड त्यांनी टाकून दिल्याचं मी पाहिलं नाही.

ही पॅडं त्यांनी कुठून कुठून जमवली होती. दोन त्यांची स्वतःची, पलटणीतली, इंग्रज बँडमास्तरांच्या वेळची. दोन पांचगणीची. तिथल्या एका निवासी शाळेत त्यांच्या तुकडीतला एक जण पहारेकरी होता. शाळेचा बँड बंद पडला, मुलांना आता गिटार हवी होती, आणि कोठीघरात जुनं सामान पडून आहे असं त्यानं कळवलं. मामंजी एसटीनं गेले. कोठीच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, वाजवता येतं का ते दाखवा आधी. मामंजींनी कोठीघरातच खोक्यावर बसून वाजवून दाखवलं. “बाई हुबी व्हती, ती बसली,” एवढंच ते सांगत. सगळ्यांत आवडतं पॅड सर्कशीतलं होतं. सांगलीत सर्कस उतरली होती आणि तिच्या बँडमध्ये एक म्हातारा गोवेकर ड्रम वाजवायचा. खेळ संपल्यावर मामंजी तंबूच्या मागं जाऊन त्याला भेटले. त्याचं पॅड काळ्या लाकडाचं, रबर मधोमध झिजून खळगा पडलेलं. तो देईना. मग दोघं दुसऱ्या दिवशी दुपारभर समोरासमोर बसून वाजवत राहिले. म्हाताऱ्याचे हात कापत होते, पण काठी टेकली की कापणं थांबे. शेवटी त्यानं पॅड पुढं सरकवलं आणि मामंजींनी अंगावरचं घोंगडं काढून त्याच्या खांद्यावर घातलं. थंडीचे दिवस होते. मामंजी कुडकुडत घरी आले, त्यावरून आत्याबाई आठवडाभर धुसफुसत होत्या. ते घोंगडं आत्याबाईंच्या भावानं दिलेलं होतं.

आपल्या मुलानं बँडमध्ये जावं अशी मामंजींची फार इच्छा होती. लहानपणी त्यांनी यांच्या हातात काठ्या देऊन पाहिल्या होत्या. “पोरगं गुणाचं हाय, पर हातात ठेका न्हाई,” असं ते माझ्यादेखत म्हणत आणि हे हसत. यांनी रायफल घेतली. लग्नानंतर हे दोनदा रजेवर आले. सगळे दिवस एकत्र केले तर साडेतीन महिने भरतील. मला यांचा आवाज आता आठवत नाही. हसताना तोंडावर हात ठेवायची सवय होती, ती आठवते.

एकाहत्तर साली, लढाई संपल्यानंतर, तार आली. पोस्टमन दारात उभा राहिला, आत येईना. तार इंग्रजीत होती, ती मामंजींनी वाचली. घडी घालून बंडीच्या खिशात ठेवली, आत्याबाईंकडं न बघता माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, “त्यो गेला.” मी शेंगा फोडत होते. हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि मग उठले. मला काहीच झालं नाही. आत्याबाईंनी हंबरडा फोडला, बायका जमल्या, माझं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. “रड गं बाई, रड, न्हाईतर छातीत बसंल,” असं म्हणत एका म्हातारीनं माझ्या पाठीत बुक्क्या मारल्या. मी तिच्याकडं बघत राहिले. मामंजींनी यातलं काही थांबवलं नाही. ते म्हशीला पाणी दाखवायला गेले.

तेरा दिवस पॅडं भिंतीवर होती. चौदाव्या दिवशी सकाळी, धार काढून झाल्यावर, त्यांनी एक पॅड उतरवलं आणि वाजवायला बसले. आत्याबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आल्या. “पोरगं गेलं आन् तुमी बडवायला बसलाईसा?” त्यांनी मान वर केली नाही. त्या दिवसापासून आत्याबाईंनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. जेवायला वाढायच्या, कपडे धुवायच्या, पण काही सांगायचं असलं तर मला सांगायच्या आणि मी त्यांना सांगायचे. दोघं एकाच खोलीत असली तरी हेच चाले. “तुझ्या मामंजीला म्हणावं, वैरण संपली.” “आत्याबाई म्हणतात, वैरण संपली.” “ऐकलं.”

मी कामं करत होते. भाकऱ्या, धुणं, शेण. कोणी विचारलं तर उत्तर देत होते. एकदा तव्यावर भाकरी उलटताना बोटं तव्याला टेकली आणि तशीच राहिली. करपल्याचा वास आला तेव्हा कळलं. मामंजी सोप्यातून आत आले, माझा हात धरून पाण्याच्या घागरीत बुडवला. बोटं बरी झाल्यावर एका दुपारी त्यांनी हाक मारली. “सूनबाई, हिकडं ये. ही काठी धर.”

मी बसले. उजव्या हातानं दोन ठोके, डाव्या हातानं दोन. पलटणीत उजव्याच्या दोन ठोक्यांना ‘डॅडी’ आणि डाव्याच्या दोन्हींना ‘मम्मी’ म्हणतात. सावकाश सुरू करायचं आणि हळूहळू वेग वाढवत न्यायचा, शेवटी सुपात बाजरी घोळल्यासारखा एकसलग आवाज आला पाहिजे. डाव्या हाताची पकड निराळी. काठी अंगठ्याच्या बेचक्यात धरायची आणि कुलपात किल्ली फिरवल्यासारखं मनगट वळवायचं. मला आठ दिवस नुसती काठी धरायला लागले. आत्याबाई म्हणाल्या, “रांडमुंड पोरीच्या हातात काठ्या दिल्या. गाव काय म्हणंल?” मामंजी भिंतीकडं बघत म्हणाले, “आवाज जातोय का गावात?” पॅडाचा हा उपयोग मला तेव्हा कळला.

ते समजूत घालत नसत. ‘होईल बरं’ किंवा ‘देवाच्या मनात’ असलं काही त्यांच्या तोंडून आलं नाही. त्यांचं एकच म्हणणं असे, “हाताला शिकीव. मन येतंय मागनं. न्हाई आलं तर न्हाई.” त्या एका तासात मला काही आठवत नसे, एवढाच त्याचा गुण. तो मला पुरेसा होता. एकदा मी विचारलं, “तुम्हाला कसं वाटतं हो, वाजवताना?” त्यांनी काठ्या मांडीवर ठेवल्या आणि सांगितलं. लढाई लागली की बँडवाल्यांचं वाजवणं बंद होतं आणि त्यांना स्ट्रेचर उचलायला लावतात, हे मला ठाऊक नव्हतं. इंग्रजांच्या वेळच्या मोठ्या लढाईत ते परदेशात होते, तेव्हा चार महिने त्यांनी माणसं वाहिली, काही जिवंत, काही नाही. “म्होरल्याचा आन् मागल्याचा पाय एक पडाय पायजे, न्हाईतर वरल्या माणसाला हिसका बसतोय. म्हणूनशान बँडवालं घेत्यात. आमी मनात मोजत चालायचो. वर कोण हाय बगायचं न्हाई. तवापास्नं मी मोजतोच हाय.”

पुढच्या साली पाऊस पडलाच नाही. पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं आणि आम्ही तिघंही कामावर जाऊ लागलो. मी आणि आत्याबाई खडी फोडायला, मामंजी पहार घेऊन दगड सुटे करायला. वैशाखात एक धोंडा घरंगळला आणि त्यांचा डावा हात खाली सापडला. वडूजच्या दवाखान्यात दोन बोटं काढावी लागली, अंगठा वाचला पण वाकेना. शुद्धीवर आल्यावर त्यांनी हात उचलून बघितला आणि विचारलं, “म्हशीला कोण बगतंय?”

पट्टी सुटल्यावर पहिल्याच सकाळी ते सर्कशीचं पॅड घेऊन बसले. उजव्या हातानं दोन ठोके टाकले आणि थांबले, दोन ठोक्यांएवढं. परत दोन टाकले, परत थांबले. डाव्याच्या जागा रिकाम्या सोडून त्यांनी सगळा पाठ तसाच्या तसा वाजवत नेला. मी आत पीठ मळत होते. तार आली तेव्हा मला काही झालं नव्हतं, बांगड्या फुटल्या तेव्हाही नाही. त्या मोकळ्या जागा ऐकताना मात्र माझे पिठातले हात थांबले. मी हात धुतले, बाहेर गेले, त्यांच्या डाव्या अंगाला बसले आणि दुसरी काठी उचलली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, फक्त “एक, दोन” एवढं म्हणाले. त्यांच्या दोनानंतर मी दोन वाजवले. माझे ठोके चुकले. दहा-बारा दिवस चुकतच होतं. मग एके दिवशी दोन माणसांच्या दोन हातांनी वेग धरला आणि तो एकसलग आवाज आला. मी वर पाहिलं तेव्हा आत्याबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. हातात पिठाची परात होती. तशाच आत गेल्या.

वर्षभर आम्ही असं वाजवलं. मग एक दिवस सांगलीहून पत्र आलं. शिक्षिकांच्या ट्रेनिंगसाठी माझी निवड झाली होती, राहायला वसतिगृह. मी अर्जच केला नव्हता. मामंजींनी साताऱ्याला जाऊन, सैनिकांच्या कचेरीत कोणाला तरी धरून, माझ्या सातवीच्या फायनल परीक्षेचा दाखला जोडून अर्ज केला होता. त्या दुपारी मी त्यांच्याशी पहिल्यांदा चढ्या आवाजात बोलले.

“मला विचारलं का तुम्ही?”

“न्हाई इचारलं. इचारलं असतं तर काय म्हणली असतीस?”

मी विचार केला. “काही नाही.”

“तेच की.”

“आणि डाव्या हाताचं काय?”

त्यांनी थोटा हात मांडीखाली घेतला. “माझं एका हातानं चालंल. तुझं हितं बसून चालायचं न्हाई.”

आतून आत्याबाईंचा आवाज आला, “म्हणजे लेक बी गेला आन् आता सून बी.” हा निरोप मामंजींसाठी होता. पण या वेळी मी तो पोचवला नाही.

वडूजच्या स्टँडवर ते पोचवायला आले. माझी वळकटी टपावर चढवली, ड्रायव्हरला “बाईमाणूस हाय, नीट न्ये” म्हणाले. गाडी सुटायला वेळ होता. ते थोडा वेळ गाडीच्या चाकाकडं बघत उभे राहिले. “बरं. म्हस ताटकळली असंल. येतो मी.” आणि निघाले. मागं वळून पाहिलं नाही. माझ्या शेजारी एक बाई लेकीला सासरी सोडून परत चालली होती, ती रडत होती. मी तिला पाणी दिलं.

सांगलीत मी दोन वर्षं काढली. मामंजींचं कार्ड महिन्याला यायचं, चार ओळींचं. ‘सूनबाईस आशीर्वाद. म्हैस व्याली. पांचगणीचे रबर तडकले. तुझी सासू बरी आहे.’ मी उत्तरात अभ्यासाचं लिहायचे. वाजवण्याबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि मीही लिहिलं नाही. नंतर कवठे महांकाळजवळच्या एका शाळेत मला नोकरी मिळाली. शाळेत एक जुना ड्रम पडून होता. मुलींच्या कवायतीला कोणी वाजवणारं नाही म्हणून मी तो गळ्यात अडकवला. पहिल्या दिवशी आवाजानं मीच दचकले.

एका झेंडावंदनाला मामंजी न कळवता आले. मैदानाच्या कडेला, लिंबाखाली, इस्त्रीचा खाकी सदरा घालून उभे होते. मुली चालत होत्या, मी वाजवत होते. कार्यक्रम संपल्यावर मी पाया पडले. ते म्हणाले, “डावा हात हलका पडतोय.” चहा घेतला आणि दुपारच्या गाडीनं परत गेले. मला बरं वाटलं की नाही ते मला सांगता येणार नाही. पण पुढं सबंध महिना मी डाव्या हातावर घासत होते.

त्यानंतर दोन वर्षांनी तार आली. मी चौथीला भागाकार शिकवत होते. शिपायानं तार दिली, ती वाचली, टेबलावर ठेवली आणि फळ्यावरचा भागाकार पुरा केला. बाकी तीन उरली. मुलींना वह्या मिटायला सांगितलं.

गावी पोचले तेव्हा मामंजींचं सगळं आटोपलं होतं. आत्याबाईंनी भाकरी वाढली, मी जेवले. त्या सांगत होत्या, सकाळी धार काढली, छाती जड वाटते म्हणून आडवे झाले, पाणी मागितलं, तांब्या आणेपर्यंत संपलं. मी गेल्यापासून निरोप पोचवायला घरात कोणी नव्हतं, तेव्हा ही दोघं काय करत होती, हे तेव्हा प्रथम माझ्या मनात आलं. मी ताट उचललं आणि घासायला नेलं.

सुतक संपल्यावर मी म्हणाले, “आत्याबाई, माझ्याकडं चला.” तीन दिवस त्या नेहमीसारखं शेण-धार करत राहिल्या. चौथ्या दिवशी शेजारच्या धनगराला म्हैस सांभाळायला दिली आणि स्वतःच्या हातानं भिंतीवरची पॅडं एकेक करून उतरवली. प्रत्येक पॅड जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून पोत्यात भरलं. मी नुसती बघत राहिले. “उनानं तडकत्यात ही,” त्या म्हणाल्या.

गाडीत त्या खिडकीशी बसल्या. वडूजच्या पुढं त्या कधी गेल्या नव्हत्या. मायणी गेली, विटा गेलं, त्यांनी काही विचारलं नाही. तासगाव जवळ आलं तेव्हा बाहेर बघतच म्हणाल्या, “एक इचारू का गं? तुमी दोघं वाजवायचासा, तवा त्यो तुझ्यासंगं काय बोलायचा?”

“काही नाही हो. एक दोन, एक दोन, असं मोजायचे.”

त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

“माझ्यासंगं तेवढं बी न्हाई बोलला,” त्या म्हणाल्या, आणि खिडकीची काच वर सरकवायला लागल्या. ती घट्ट होती. मी उठून काचेला हात लावला.